'रक्त नऊ टक्के' आलं म्हणून लगेच आयर्न सुरू करू नका, आधी रिपोर्टमधले चार आकडे बघा

मी नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली, आणि काउंटरवर एकच प्रश्न रोज ऐकतो, "दादा, रक्त किती टक्के आलं?" खरं तर हिमोग्लोबिन टक्क्यात नसतंच, ग्रॅम प्रति डेसिलिटर असतं, पण असू द्या, टक्के तर टक्के. त्रास पुढे होतो. तो एक आकडा बघायचा, बाकीचा कागद घडी घालून पिशवीत, आणि घरी जाता जाता मेडिकलमधून आयर्नच्या दोन स्ट्रिपा. झालं काम.

माझ्या चुलतवहिनीचं असंच झालं. सिडकोत राहते, दोन मुलं, पहिल्या बाळंतपणापासून एचबी कायम १० च्या आसपास, आणि तेव्हापासून आयर्न चालू. गोळ्या झाल्या, सिरप झालं, "तुमच्या अंगाला लागतच नाहीये" म्हणून दोनदा शिरेतून आयर्नच्या बाटल्या पण लावल्या (डॉक्टर आणि दवाखाना, नाव काढत नाही, जाऊ द्या). एवढ्या वर्षांत एकदाही कोणी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा सांगणारी टेस्ट, केलं नाही. मी तिचा दीर, लॅबमध्ये कामाला, आणि मी सुद्धा तिचा रिपोर्ट कधी मागून बघितला नव्हता ही माझी चूक. एका दिवाळीत ती सहज म्हणाली की तोंडाला सारखी लोखंडाची चव येते, तेव्हा फाइल मागवली. सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, सगळ्यात वरचा कागद बघितला आणि अर्ध्या मिनिटात कळलं की हे लोह कमी असल्याचं चित्रच नाहीये.

तर ते अर्धं मिनिट कसं वापरायचं ते लिहितोय. मी डॉक्टर नाही, औषध चालू किंवा बंद करायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारून. पण प्रश्न कोणता विचारायचा हे तुम्हाला माहीत असलं तर डॉक्टरांचाही वेळ वाचतो.

आधी लोह अंगात फिरतं कसं ते समजून घ्या

हे वगळू नका, नाहीतर पुढचे आकडे नुसते पाठ होतील.

मोठ्या माणसाच्या अंगात एकूण लोह असतं ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे एखाद्या छोट्या खिळ्याएवढं. त्यातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिनमध्ये. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, मग प्लीहा वगैरे ठिकाणच्या पेशी तिला गिळतात, आतलं लोह काढून घेतात आणि परत अस्थिमज्जेला, म्हणजे बोन मॅरोला देतात. भंगारवाल्यासारखा हिशोब. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह असं फिरतं आणि जेवणातून नवीन येतं फक्त १ ते २ मिलिग्रॅम. जातंही साधारण तेवढंच, त्वचेच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींतून, आणि बायकांचं पाळीतून जास्त. पण जास्तीचं लोह मुद्दाम बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. लघवीतून जात नाही, घामातून जात नाही. या घराला मोरीच नाही, म्हणून सगळा कंट्रोल दारावर आहे, आत किती घ्यायचं तिथेच ठरतं.

आता ते दार कोण सांभाळतं हे कळायला २००० साल उजाडावं लागलं, आणि ते सापडलं पण भलतंच काहीतरी शोधताना. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात टॉमस गांझ यांची लॅब जंतू मारणारी छोटी प्रथिनं शोधत होती, त्यात माणसाच्या लघवीतून त्यांना एक मिळालं, २५ अमिनो आम्लांचं, तयार होतं लिव्हरमध्ये, म्हणून नाव ठेवलं हेपसिडिन. त्याच सुमाराला जर्मनीतल्या एका गटाला तेच वेगळ्या वाटेने सापडलं. २००१ मध्ये पॅरिसच्या लोकांनी दाखवलं की ज्या उंदरांमध्ये हेपसिडिन बनतच नाही त्यांच्या अंगात लोह साठत जातं. आणि २००४ मध्ये एलिझाबेटा नेमेथ आणि गांझ वगैरेंनी ते काम कसं करतं ते दाखवलं: आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात सोडणारं एक दार असतं, फेरोपोर्टिन, हेपसिडिन जाऊन त्याला चिकटतं आणि पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. कुलूप लावायची भानगडच नाही, चौकटीसकट दार गायब.

म्हणजे अंगात लोह भरपूर झालं की हेपसिडिन वाढतं आणि दारं कमी होतात. लोह कमी पडलं की हेपसिडिन खाली जातं आणि दारं उघडी. ताप, इन्फेक्शन, सूज असली तरी हेपसिडिन वाढतं, कारण जंतूंनाही लोह लागतं आणि शरीर ते लपवून ठेवतं. लक्षात ठेवा हे, फेरिटिनच्या वेळी कामाला येणार आहे.

वहिनीच्या बाबतीत काय झालं ते आता बघा. गोळ्या "लागत नव्हत्या" कारण साठा भरलेला होता आणि दार बंद होतं, म्हणजे शरीर आपलं काम बरोबर करत होतं. मग शिरेतून लावलं. शिरेतून म्हणजे दार सोडून थेट छपरातून माल आत टाकणं, आणि मोरी तर नाहीच.

चार आकडे

सीबीसी म्हणजे जांभळ्या झाकणाच्या बाटलीतलं रक्त. रिपोर्टवर वीसेक ओळी असतात, बाण असतात वर-खाली, घाबरू नका. एचबी, आरबीसी काउंट, एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू, एवढ्या चार ओळींखाली पेनाने रेघ मारा.

एचबी तुम्हाला माहितीये. आरबीसी म्हणजे लाल पेशी किती, दशलक्षात लिहिलेलं असतं, बायकांमध्ये साधारण ४ ते ५ च्या मधे. एमसीव्ही म्हणजे एकेक पेशी सरासरी केवढी, ८० ते १०० च्या मधे चांगली. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशी एकसारख्या मापाच्या आहेत का लहान-मोठ्या मिसळल्यात, साधारण साडेचौदापर्यंत ठीक.

वहिनीचा कागद: एचबी १०.४, आरबीसी ५.६, एमसीव्ही ६१, आरडीडब्ल्यू १५.

आणि आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी, अकरावीला आहे, पाळी खूप जाते, क्लासला जाताना जिना चढून दम लागायचा. तिचा कागद: एचबी ८.६, आरबीसी ४.१, एमसीव्ही ७०, आरडीडब्ल्यू १९.

आता दोघींचंही एचबी कमी, दोघींच्याही पेशी लहान, वरवर सारखंच. पण वहिनीचा आरबीसी बघा, ५.६! रक्त कमी आहे म्हणायचं आणि पेशींची संख्या नॉर्मलपेक्षा जास्त, असं कसं? लोह कमी असलं की कच्चा माल नाही, मॅरोचा कारखाना मंदावतो, पेशी कमी पण बनतात आणि लहान पण बनतात, आणि आधीच्या बऱ्या पेशी अजून फिरत असतात म्हणून मापं वेगवेगळी, आरडीडब्ल्यू वाढलेला. वहिनीसारखं चित्र दिसतं ते थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा माणूस नुसता वाहक असतो तेव्हा. त्यात लोह असतं, हिमोग्लोबिनची बीटा नावाची साखळी बनवायचा एक जीन जन्मापासून बिघडलेला असतो, त्यामुळे प्रत्येक पेशीत माल कमी भरतो, मग मॅरो भरपाई म्हणून पेशींची संख्या वाढवतो. सगळ्याच पेशी लहान, त्यामुळे आरडीडब्ल्यू फार उडत नाही.

यासाठी एक सोपा भागाकार आहे, १९७३ मध्ये मेंट्झर नावाच्या डॉक्टरांनी सांगितलेला, म्हणून मेंट्झर इंडेक्स. एमसीव्ही भागिले आरबीसी. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय, वर आलं तर लोह कमी असण्याची शक्यता जास्त. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. वहिनी: ६१ भागिले ५.६ बरोबर १०.९. खालची मुलगी: ७० भागिले ४.१ बरोबर १७. झालं, हेच ते अर्धं मिनिट.

पण थांबा, हा फक्त संशय आहे, निकाल नाही. ज्याला दोन्ही आहे त्याचा आकडा मधेच कुठेतरी येतो. आणि सॅम्पल जुनं झालं की पेशी फुगतात आणि एमसीव्ही खोटा वाढतो. सुरगाण्याकडून, पेठकडून कलेक्शनचं रक्त एसटीने उन्हात दिवसभर फिरून संध्याकाळी मशीनवर चढलं तर त्या एमसीव्हीवर मी स्वतः डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. म्हणून शक्य असेल तर रक्त त्याच दिवशी, मशीन जिथे आहे तिथेच द्या.

आणि एक हट्ट धरा, स्मिअर बघायला सांगा. म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर ओढून मायक्रोस्कोपखाली. लोह फार कमी असलं की पेशी बांगडीसारख्या दिसतात, कडेला रंग आणि मधे मोकळं, आणि मधेमधे पेन्सिलीसारख्या लांबट पेशी. थॅलेसेमियात त्याच बांगडीच्या मधोमध कोणीतरी टिकली लावल्यासारखं दिसतं, त्यांना टार्गेट सेल म्हणतात. वहिनीच्या काचेवर जिकडे बघावं तिकडे टिकल्या. मशीनला त्या दिसत नाहीत, त्याला माणूसच बसावा लागतो.

फेरिटिन, आणि ते कधी करू नये

लोहाचा साठा किती हे सांगणारी टेस्ट म्हणजे फेरिटिन. नुसतं सीरम आयर्न करून घेऊ नका, ते सकाळ-संध्याकाळ बदलतं, सकाळी गोळी घेतली की वर जातं, त्याच्यावरून काही ठरत नाही.

फेरिटिन म्हणजे आपला नाशिकच्या नदीपात्रातला दुतोंड्या मारुती समजा. गोदेला किती पाणी आलंय हे आपण मीटर लावून बघतो का, रामकुंडाकडे जाऊन मारुतीच्या कमरेला लागलं का छातीला लागलं ते बघतो. तसं. मोठ्या माणसात १५ च्या खाली म्हणजे साठा संपला, पाच वर्षांखालच्या मुलांत १२ च्या खाली, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेघ. पण पाणी वाढलेलं दिसलं म्हणजे पाऊस नाशिकमध्येच पडला असं नसतं, वरून धरणातून सोडलेलं पण असू शकतं. ताप, डेंग्यू, चिकनगुनिया, दाढेचं इन्फेक्शन, लिव्हरचा त्रास, काहीही असलं की फेरिटिन उगाच वर जातं. वर सांगितलं ना, आजारात शरीर लोह लपवतं. त्यामुळे इन्फेक्शन असताना मोठ्या माणसात ७० च्या खाली आलं तरी लोह कमी असू शकतं असं तीच संघटना सांगते. पावसाळ्यात अर्धं नाशिक तापाने फणफणलेलं असतं तेव्हा फेरिटिन करून "साठा छान आहे" म्हणून घरी जाऊ नका, बरे व्हा, काही आठवडे जाऊ द्या, मग करा.

खालच्या मुलीचं फेरिटिन आलं ५. वहिनीचं ३८०.

आता एचपीएलसी

एमसीव्ही कमी आणि फेरिटिन नीट, किंवा मेंट्झर १३ च्या खाली, की पुढची टेस्ट हिमोग्लोबिन एचपीएलसी. काही ठिकाणी इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात, तुम्ही काउंटरवर "थॅलेसेमियाची टेस्ट" म्हणालात तरी चालेल. यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजतात. त्यात ए२ नावाचा प्रकार बघायचा, नॉर्मल माणसात साडेतीन टक्क्यांच्या खाली, बीटा थॅलेसेमिया मायनरमध्ये बहुतेक वेळा ४ च्या वर. वहिनीचा ५.४ आला. इथे टक्के खरोखर टक्के असतात बरं का.

खाचखळगे तीन-चार आहेत. लोह खूप कमी असलं की ए२ खाली येतो आणि मायनर झाकला जाऊ शकतो, म्हणून ए२ काठावर, म्हणजे ३.३, ३.५ असा आला आणि फेरिटिन पण कमी असलं तर आधी लोह भरून काढा आणि मग परत करा. रक्त चढवलेलं असेल तर तीन महिने तरी थांबा, नाहीतर ज्याने रक्तदान केलं त्याचं हिमोग्लोबिन मोजून याल. तान्ह्या बाळाची ही टेस्ट करून ए२ वर ठरवू नका, त्यांच्यात अजून बाळाचं हिमोग्लोबिन असतं. आणि ए२ नॉर्मल, फेरिटिन नॉर्मल, तरी पेशी लहानच, तर अल्फा थॅलेसेमिया असू शकतो, त्याला डीएनए टेस्ट लागते.

मुंबईला परळमध्ये केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था आहे, रक्ताच्या अशा आजारांवरच काम करते, सुरुवात १९५७ मधली. भारतात बीटा थॅलेसेमियाचे कोणते बिघाड कुठल्या समाजात जास्त आहेत याचं बरंच काम तिथे झालंय, डॉ. रोशन कोलाह हे त्यातलं मोठं नाव. देशात दर शंभरात तीन-चार लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक धरतात, सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत प्रमाण जास्त. पण "आपल्यात नसतं" असं म्हणून कोणी बसू नये, आम्ही पक्के मराठी, आणि वहिनीचं माहेर निफाड.

मोठ्या टेस्टला पैसे नसतील किंवा शिबिरात शेकड्याने लोक तपासायचे असतील तर नेस्ट्रॉफ्ट म्हणून एक साधी टेस्ट असते, मला ती फार आवडते. एका नळीत ०.३६ टक्के मिठाचं पाणी, त्यात रक्ताचा थेंब, आणि नळीमागे पांढऱ्या कागदावर काळी रेघ. नॉर्मल पेशी एवढ्या पातळ पाण्यात फुगून फुटतात, पाणी लाल पण पारदर्शक होतं आणि मागची रेघ स्वच्छ दिसते. थॅलेसेमियाच्या पेशी चपट्या, अर्ध्या रिकाम्या, त्या फुटत नाहीत, पाणी गढूळ राहतं, रेघ दिसत नाही. मशीन नाही, वीज नाही, डोळा आणि रेघ. पण लोह कमी असलेल्यांचंही कधी कधी पॉझिटिव्ह येतं, म्हणून पुढे एचपीएलसी लागतेच.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबककडच्यांसाठी वेगळं

या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्याचं वाहकपण सीबीसीमध्ये दिसतच नाही. एचबी छान, एमसीव्ही छान, मेंट्झर छान, आणि तरी माणूस वाहक असू शकतो. त्यामुळे वरचा भागाकार इथे बाजूला ठेवा. सिकलमध्ये बीटा साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदललेलं असतं, बस्स, एक अक्षर चुकलं की शब्द बदलावा तसं, आणि आजार असलेल्या माणसात ऑक्सिजन कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते. त्यासाठी आधी सोल्युबिलिटी टेस्ट, त्यातही तीच गंमत, नळी गढूळ झाली आणि मागची रेघ दिसेना झाली की पॉझिटिव्ह. पण ही टेस्ट वाहक आणि आजारी यांत फरक सांगत नाही. "सिकल पॉझिटिव्ह" एवढाच कागद हातात देऊन पाठवलेली माणसं मी बघितलीयेत, एक मावशी तर तो कागद घेऊन वर्षभर पोरीला "आजारी" समजून शेतावर पाठवत नव्हत्या आणि पोरगी होती साधी वाहक. मी म्हटलं, "मावशी, अजून एक टेस्ट राहिलीये." त्या म्हणाल्या, "मंग त्यांनी तवाच का नाही सांगितलं भाऊ?" काय उत्तर देणार. तर पॉझिटिव्ह आलं की एचपीएलसी मागाच. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालंय, महाराष्ट्र त्यात आहे, ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात धरलीये, आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

लोह खरंच कमी निघालं तर

मग गोळी घ्यायची, आणि नीट घ्यायची. चहासोबत नाही, चहाच्या आधी-नंतर तासभर तरी अंतर, दुधासोबत पण नाही. लिंबूपाण्यासोबत घेतली तर बरी लागते. शी काळी होते, घाबरू नका. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घेऊन बघा, आणि यामागे नुसती सोय नाही: एका डोसनंतर हेपसिडिन दिवसभर वर राहतं, म्हणून लगेच दुसरा डोस घेतला तर दार अर्धं बंदच असतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या ४० बायकांवर हे मोजलं, रोज घेणाऱ्यांत प्रत्येक डोसमधलं साधारण १६ टक्के शोषलं गेलं आणि दिवसाआड घेणाऱ्यांत साधारण २२. पण एचबी फारच खाली असेल किंवा बाई गरोदर असेल तर हा प्रयोग स्वतःच्या मनाने करायचा नाही. सरकारी लाल गोळ्या मिळत असतील तर त्या डॉक्टर सांगेपर्यंत बंद करू नका, थॅलेसेमिया मायनर असला तरी, कारण मायनर असलेल्या बाईचं लोह कमी पडू शकत नाही असं थोडीच आहे. फेरिटिन करून ठरवा.

महिन्याभरात एचबी एखाद-दोन ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर ब्रँड बदलत बसू नका, कारण शोधा. आणि एचबी नॉर्मल झालं म्हणून लगेच थांबू पण नका, साठा भरायला अजून तीनेक महिने लागतात. पुरुषांचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर रक्त कुठून जातंय ते बघायलाच लागतं, मूळव्याध, अल्सर, आतड्यातलं काही, तिथे गोळी देऊन गप्प बसणं धोक्याचं.

बीटने रक्त वाढत नाही, त्याचा फक्त रंग लाल आहे. अळिवात लोह चांगलं आहे, लाडू करा. लोखंडी कढईत आमटी करा, चिंच-कोकम पडलं की लोह थोडं उतरतं. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, मुलांनी आयर्नच्या गोळ्या गोड समजून मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं, हे लोकांना खरंच माहीत नसतं.

मायनर निघाला तर पुढे काय

मायनर म्हणजे आजार नाही, वाहक. आयुष्य नॉर्मल, एचबी एखाद-दोन ग्रॅम कमी राहणार, ते १३ करायच्या मागे लागायचं नाही. प्रश्न येतो दोन वाहकांचं लग्न झालं की. मग प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता मेजरची, आणि मेजर म्हणजे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवणं, जन्मभर. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे जेवणातून कित्येक महिन्यांत येईल तेवढं एका दुपारी आत, आणि परत तेच, मोरी नाही. ते हृदयात, लिव्हरमध्ये साठतं, म्हणून रक्त चढवण्यासोबत लोह बाहेर काढायची औषधं पण घ्यावी लागतात. त्यात भर म्हणजे त्यांच्या मॅरोचं काम फुकट जात असतं, म्हणून तो लिव्हरला सारखा निरोप पाठवतो की अजून लोह पाहिजे, हेपसिडिन कमी कर. हा निरोप नेणारा पदार्थ २०१४ मध्ये सापडला, गांझ-नेमेथ यांच्याच लॅबमध्ये, नाव एरिथ्रोफेरोन. म्हणून ज्यांना मधल्या प्रकारचा थॅलेसेमिया आहे, फार रक्त चढवावं लागत नाही, त्यांच्यातही लोह साठतं.

तर काय करायचं: घरात एक मायनर निघाला की सख्खी भावंडं, आई-वडील, मुलं सगळ्यांची एचपीएलसी. आपल्याकडे मामेबहीण-आतेभाऊ लग्नं होतात, तिथे तर आधीच करा. जोडीदार नॉर्मल निघाला तर मेजर होत नाही, विषय संपला. जोडीदार सिकलचा वाहक असला तरी चालतं असं समजू नका, सिकल आणि थॅलेसेमिया एकत्र येऊन पण आजार होतो. दोघंही वाहक आणि बाळ आधीच पोटात असेल तर वेळ घालवू नका, गर्भाची तपासणी दहा-बारा आठवड्यांपासून करता येते, त्यासाठी आधी आई-बापाचा डीएनए बिघाड शोधावा लागतो आणि त्यालाच दिवस जातात. सातव्या महिन्यात रिपोर्ट घेऊन आलेलं जोडपं बघायला नको वाटतं.

आणि एक कागद करा. वहिनीने केलाय, पाकिटात लॅमिनेट करून ठेवलाय: "बीटा थॅलेसेमिया मायनर, ए२ ५.४ टक्के, फेरिटिन बघितल्याशिवाय आयर्न देऊ नये." नवीन डॉक्टर, नवीन दवाखाना, पहिला तो कागद टेबलावर.

तिचं आयर्न डॉक्टरांनी बंद केलं, वर्षभराने फेरिटिन थोडं उतरलंय, एचबी अजून १०.५ च आहे आणि तेवढंच राहणार. मग मुलांचं केलं. धाकट्याचा ए२ २.६, नॉर्मल. मोठ्याचा ५.१. मोठा बारा वर्षांचा आहे, सगळं ऐकून घेतलं, मायनर, लोह, दार, मोरी, आणि मला म्हणाला, "काका, म्हणजे मला आता पालक खायचा नाही ना?"

खायचा. जेवणातलं सगळं खायचं, बंद फक्त गोळ्या.